कुंभारजुव्याच्या मगरीची जीभ

"पाणी खारं, म्हणजे ही खाऱ्या पाण्यातली मगर. माणसं खाणारी!" गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यात ओहोटीच्या वेळी आमच्या होडीत बसलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते. दहा-बारा हातांवर, चिखलात, मगर आ वासून पडली होती. मुलगा घाबरून बापाला बिलगला.

गैरसमज जुनाच आहे. गोव्यातली मगर क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस, म्हणजे दलदलीतली, मुळात गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्यातली मगर, क्रोकोडायलस पोरोसस, भितरकणिका, सुंदरबन आणि अंदमानात सापडते. फरक ओळखायचा तर डोक्यामागे पाहा: आपल्या मगरीच्या मानेच्या सुरुवातीला, कवटीमागे लगेच, चार मोठे खवले ठळक दिसतात, पोरोससला ते बहुधा नसतात.

मग ही गोड्या पाण्याची मगर मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या मचूळ, उन्हाळ्यात चांगल्याच खारट होणाऱ्या कालव्यात जगते कशी? उत्तर तिच्या जिभेवर आहे, आणि मला ते फार आवडतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. मगरीच्या मूत्रपिंडांना रक्तापेक्षा खारट मूत्र बनवता येत नाही, त्यामुळे शरीरात शिरलेलं जादा मीठ त्या वाटेने बाहेर पडत नाही. पण क्रोकोडायलस वंशातल्या मगरींच्या जिभेवर लवणग्रंथी असतात. १९८१ साली टॅपलिन आणि ग्रिग या संशोधकांनी पोरोससमध्ये त्या दाखवून दिल्या. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. ग्रंथीच्या पेशीत सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं एक प्रथिन, असतो. तो ऊर्जा खर्चून सोडियम पेशीबाहेर, रक्ताच्या बाजूला ढकलतो. पेशीतलं सोडियम कमी झालं की रक्तातलं सोडियम आत धावतं आणि येताना क्लोराइडला सोबत घेऊन येतं. क्लोराइड पेशीच्या दुसऱ्या टोकाने ग्रंथीच्या नळीत उतरतं, त्याच्या विद्युतभाराच्या ओढीने सोडियम पेशींच्या फटींतून मागोमाग जातं, आणि जिभेवरच्या बारीक छिद्रांतून रक्ताहून कितीतरी खारट थेंब पाझरतात. अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरला हे जमत नाही.

म्हणूनच 'नक्राश्रू' हा शब्द मला खटकतो. मगर कपटाने रडत नाही, आणि मीठही डोळ्यांतून काढत नाही. तिचे अश्रू डोळे ओले ठेवण्यापुरतेच. मोबाइलवर फिरणाऱ्या 'नरभक्षक मगरी'च्या व्हिडिओंनी तर तिची पुरती बदनामी केली आहे. त्यापेक्षा फोंडा तालुक्यातल्या भोमची माणसं शहाणी. पौष अमावास्येला ती खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. याला म्हणतात मानगे थापणी.

त्या दिवशी होडी जवळ सरकली तेव्हा मगरीने तोंड मिटलं नाही. तोंड उघडं ठेवून ती ऊन सोसत होती. आत जीभ दिसली, पिवळट, खालच्या जबड्याला चिकटलेली. मगरीला ती बाहेर काढताच येत नाही. मुलगा आता बापाला सोडून पुढे वाकून बघत होता.

जूनमध्ये पाऊस लागला, नद्या भरल्या की कालव्याचं पाणी गोडं होतं. मग मगर तेच पाणी पिते आणि ग्रंथींचं काम हलकं होतं.