पृष्ठभाग शिकवायचा तर आधी व्हॅक्युमची गोष्ट सांगायला हवी

पदवीच्या वर्गात सरफेस ॲनालिसिस, म्हणजे पदार्थाच्या पृष्ठभागावर कोणते अणू आहेत हे शोधणं, शिकवतात तेव्हा बहुतेक वेळा फळ्यावर तंत्रांच्या नावांची रांग लागते, एक्सपीएस, ऑजे, सिम्स, एसटीएम, एएफएम, मग प्रत्येकापुढे आत काय सोडायचं नि बाहेर काय मोजायचं याचा तक्ता, आणि मुलं तो पाठ करून पेपरात उतरवतात. मला हे मनापासून खटकतं, कारण ही तंत्रं ज्या अडचणींतून निघाली त्या अडचणीच तक्त्यात नसतात. आणि सगळ्यात मोठी अडचण होती हवा.

तांब्याचा एक सेंटिमीटरचा ठोकळा घेतला तर त्यातला साधारण कोटीत एक अणू पृष्ठभागावर असतो, त्यामुळे ठोकळा विरघळवून केलेल्या ॲनालिसिसमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. बरं, तो अणू उघडाही राहत नाही. दाब एका टॉरच्या (हे दाबाचं एकक) दहा लाखाव्या भागापर्यंत उतरवला तरी, आदळणारा प्रत्येक रेणू चिकटतो असं धरलं तर, सेकंदभरात वायूचा अख्खा थर बसतो. रसायनशास्त्रज्ञ लँगम्युअर जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दिव्यांच्या तापलेल्या टंगस्टन तारेवर वायू कसे बसतात हे बघत होता, आणि पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्याला १९३२ चं नोबेल मिळालं, पण पृष्ठभागावर नेमकं काय बसलंय हे थेट दाखवणारं हत्यार तेव्हा नव्हतं.

निकेलवर इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या डेव्हिसन आणि जर्मरची गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते, फक्त अर्धीच. १९२५ साली बेल लॅब्जच्या त्यांच्या प्रयोगशाळेत लिक्विड एअरची बाटली फुटली, व्हॅक्युम ट्यूबला तडा गेला, आत हवा शिरली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढलं. ते घालवायला निकेल बराच वेळ तापवलं तेव्हा त्याचे बारीक स्फटिक जाऊन मोठे स्फटिक तयार झाले, आणि १९२७ ला निकेलवरून परतणाऱ्या ५४ व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचं ५० अंशावरचं ते प्रसिद्ध शिखर मिळालं. मुलांना यातून डी ब्रॉग्ली, म्हणजे इलेक्ट्रॉन लाटेसारखेही वागतात हे, शिकवतात, ते हवंच, पण पृष्ठभाग खराब होणं नि तो साफ करणं हा याच प्रयोगातला धडा मात्र तसाच सुटतो.

पुढे गाडी अडली ती दाब मोजण्यापाशी. १९४० च्या दशकात गेज, म्हणजे दाबमापक, टॉरच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास येऊन थांबायचे, पंप कितीही चांगला लावा, काटा खाली जायचाच नाही. गेज इलेक्ट्रॉन सोडून उरलेल्या वायूचे आयन करतो नि कलेक्टरवर त्यांचा करंट मोजतो. कारण असं निघालं की हे इलेक्ट्रॉन आतल्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, आदळले की सौम्य एक्स-रे निघतात, ते कलेक्टरवर पडून तिथून इलेक्ट्रॉन उडवतात, आणि मीटरला तो आयनांचाच करंट वाटतो. १९५० साली बेयर्ड आणि अल्पर्टनी बाहेरचा मोठा कलेक्टर काढून त्याजागी ग्रिडच्या आत एक बारीक तार ठेवली, म्हणजे एक्स-रे पडायला जागाच फारशी उरली नाही, आणि मोजमाप हजार कोटीव्या भागापर्यंत पोचलं. आता नमुना तासन्‌तास स्वच्छ राहतो हे खात्रीनं सांगता यायला लागलं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे, जी प्रक्रिया गेजला फसवत होती तीच एक्सपीएसचा पाया आहे! एक्स-रेनं उडवलेले इलेक्ट्रॉन. स्वीडनमधल्या उप्सालात काई सीगबान आणि मंडळी त्यांची ऊर्जा बारकाईनं मोजत होती, आणि १९६४ साली त्यांनी सोडियम थायोसल्फेटमध्ये सल्फरची दोन वेगळी शिखरं दाखवली. टायट्रेशनमुळे हे मीठ मुलांच्या रोजच्या ओळखीचं असतं. मधला सल्फर ऑक्सिजननी घेरलेला, त्याचा इलेक्ट्रॉन सोडवायला जास्त ऊर्जा लागते, टोकाच्या सल्फरला कमी. केमिकल शिफ्ट, म्हणजे शेजारच्या अणूंमुळे शिखराची जागा सरकणं, शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. सीगबानना १९८१ चं नोबेल मिळालं.

एक्स-रे नमुन्यात खोल जातात, पण ऊर्जा न गमावता बाहेर येणारे इलेक्ट्रॉन फक्त वरच्या काही नॅनोमीटरमधलेच असतात, म्हणून हे पृष्ठभागाचं तंत्र. एवढं एक वाक्य नीट समजलं तर ऑजेचं अर्धं काम तिथंच होतं, कारण तेही बाहेर पडणारे इलेक्ट्रॉनच मोजतं.

पदवीच्या लॅबपर्यंत मात्र यातलं फार थोडं पोचलं. १९६९ पासून एक्सपीएसची यंत्रं विकत मिळू लागली, पण ती महाग, नमुना आत न्यायलाच बराच वेळ, आणि एका चुकीनं चेंबर घाण होतो, मग तिथं नवख्या मुलांना कोण हात लावू देणार! त्यांच्या वाट्याला कोळशावर ॲसेटिक ॲसिड शोषून लँगम्युअरचा आलेख काढणं आलं. १९८१ च्या एसटीएमनं आणि १९८६ च्या एएफएमनं हे बदललं, कारण बारीक टोक पृष्ठभागावरून फिरवणारी ही दोन्ही यंत्रं हवेतही चालतात. आता टेबलावर मावणारा एसटीएम मिळतो, मुलं स्वतः टोकासाठी प्लॅटिनम-इरिडियमची तार कात्रीनं तिरकी ओढून कापतात, टेपनं ग्रॅफाइटचा थर सोलतात नि अणूंची जाळी बघतात.

एक्सपीएसचं काय, तर हल्ली तयार डेटा फाइल देऊन सॉफ्टवेअरवर पीक फिटिंग, म्हणजे एकमेकांत मिसळलेली शिखरं वेगळी करणं, करून घेतात. हे चांगलंच आहे, फक्त फिटिंगच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा, की तुमच्या नमुन्यात कार्बन घातलेलाच नाही तर २८४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी हे शिखर आलं कुठून? ते हवेतून बसलेल्या थराचं असतं, आणि लोक त्यालाच धरून ऊर्जेची अख्खी स्केल सरकवतात, जे दर वेळी बरोबर असेलच असं नाही.