पार्श्वभूमी : मराठवाड्यातील रानडुक्कर आणि त्याला मारण्याची परवानगी

गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या काठच्या गावांत हिवाळ्याच्या तोंडावर दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते, ती म्हणजे उसाला कोयता लागला की डुकरे हरभऱ्यात उतरतात. रानडुक्कर हा मुळात डोंगरातला आणि झुडपी रानातला प्राणी आहे. तो उसात मुक्कामाला कसा आला आणि त्याला मारण्याचे नियम मात्र तो अजून जंगलातच राहतो असे गृहीत धरून कसे घडत गेले, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तरच आजचा वाद नीट कळतो.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. या प्रदेशावर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांचे राजचिन्ह वराह, म्हणजे रानडुक्कर, होते. निजामी राजवटीत शिकार ही अमीर-उमरावांची आणि लष्करी अधिकाऱ्यांची हौस होती, तर शेतकऱ्याची डुकराशी गाठ पडे ती राखणीच्या रात्री. अजिंठ्याचे डोंगर, बालाघाटाच्या रांगा आणि किनवट-माहूरचे जंगल हे त्याचे ठरलेले टापू होते. मराठवाड्यातील वनक्षेत्र राज्याच्या इतर विभागांच्या तुलनेत अत्यल्प असल्यामुळे मधल्या मोठ्या सपाट भागात, काळ्या जमिनीच्या ज्वारी-कापसाच्या पट्ट्यात, त्याला बारमाही आसरा असा नव्हता.

हा आसरा पाटाच्या पाण्याने दिला. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. पुढे मांजरा, माजलगाव आणि विष्णुपुरी या प्रकल्पांच्या पाण्यावर ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले आणि नदीकाठचे तालुकेच्या तालुके हिरवे झाले. ‘सुरू’ हंगामातील उसाचे पीक साधारण बारा महिने उभे असते, तर ‘आडसाली’ हंगामातील ऊस सोळा ते अठरा महिने. एवढा काळ एका जागी दाट सावली, ओली जमीन, लोळायला चिखल आणि खायला गोड कांडे मिळत असेल, तर डुकराला डोंगराकडे परत जाण्याचे कारण उरत नाही. मादी सुमारे चार महिने गाभण असते आणि एका वेताला साधारण चार ते सहा पिले देते. उसाच्या फडात या पिलांना दाट आडोसाही मिळतो. ओढ्यांच्या काठी, तलावांच्या बुडात आणि पडीक जमिनीवर वेडी बाभूळ माजल्याने एका फडापासून दुसऱ्या फडापर्यंत जाण्याची आडोशाची वाटही तयार झाली.

आणखी एक बदल माणसांच्या बाजूने झाला आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. रब्बीची ज्वारी हुरड्यात आणि हरभरा घाट्यात येतो तो नेमका याच महिन्यांत. पूर्वी माळ्यावर बसून, गोफण फिरवून, पत्र्याचे डबे वाजवून ज्यांनी राखण केली असती, ते हात त्या काळात परमुलखात कोयता चालवत असतात. गावात उरतात ती म्हातारी माणसे, आणि शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की पाणी द्यायला अंधारात जाण्याची पाळीही अनेकदा त्यांच्यावरच येते. पिलांसह असलेली मादी अशा वेळी समोर आली तर ती मागे सरत नाही, आणि सुळ्यांच्या नराची धडक मांडी फाडून जाते.

नुकसान कसे दिसते हे सांगायला भुईमुगाचे शेत पुरेसे आहे. पहाटे गेल्यावर वेल उपटून उताणे पडलेले दिसतात, मुळांना एखादी पोचट शेंग लोंबत असते आणि फोडलेल्या टरफलांचा सडा पडलेला असतो. मातीत मुसकटाने ओढलेल्या चऱ्या नांगराच्या तासासारख्या सरळ जातात. बांधाच्या ओल्या कडेला दोन खुरांच्या मागे उपखुरांचे दोन ठिपके उमटलेले असले की ही करणी रोह्याची (नीलगायीची) नाही, डुकराची आहे, हे शेतकरी ओळखतो. कळप जेवढे खातो त्याहून अधिक तुडवतो आणि उकरतो. त्यामुळे पंचनाम्यात खाल्लेल्या भागाचा अंदाज लिहिला गेला तर शेतकऱ्याला तो अन्याय वाटतो, आणि तो खरोखरच अन्याय असतो.

आता शिकारीच्या प्रश्नाकडे वळू. येथे शब्दांचाच मोठा गुंता आहे. गावात ‘सरकारने डुक्कर मारायला मोकळीक दिली’ असे सर्रास बोलले जाते. त्यामागे कायद्यातील दोन वेगळ्या तरतुदींची सरमिसळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या मूळ रूपात परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती परवाना पद्धत बंद झाली आणि हौसेची शिकार कायद्यातून संपली. उरले ते अपवाद. त्यांतला पहिला कलम ११ चा आहे. एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो कारणे नमूद करून, लेखी, ठरावीक क्षेत्रापुरती मारण्याची परवानगी देऊ शकतो. दुसरा अपवाद कलम ६२ चा. त्यानुसार केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला विशिष्ट भागापुरते आणि विशिष्ट मुदतीपुरते ‘उपद्रवी’ घोषित करू शकते. ती मुदत असेपर्यंत त्या भागात या कायद्याचे शिकारीपासूनचे संरक्षणच त्या प्राण्याला राहत नाही आणि प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये पिकाचे नुकसान करणारी रानडुकरे आणि रोही यांच्याबाबत जो निर्णय घेतला, तो पहिल्या प्रकारचा होता. परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक वनाधिकाऱ्यापर्यंत आणून प्रक्रिया सोपी करणे हा त्याचा गाभा होता. त्याच सुमारास, २०१५-१६ मध्ये, केंद्राने बिहारमध्ये रोही व रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांना ठरावीक भागांत उपद्रवी घोषित केले. या अधिसूचनांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण जून २०१६ मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली नाही. चंद्रपूरमध्ये रानडुकरे मारली गेल्यावरून तर केंद्रातील दोन मंत्र्यांमध्येच जाहीर मतभेद झाले. या साऱ्या बातम्या मराठवाड्यात एकाच वेळी पोहोचल्या, आणि बिहारची अधिसूचना, चंद्रपूरचा वाद आणि आपल्या राज्याचा निर्णय हे सगळे मिळून ‘डुक्कर उपद्रवी ठरले’ एवढाच अर्थ लोकांच्या मनात राहिला. बिहार-उत्तराखंडसाठी निघालेली अधिसूचना परभणीच्या किंवा लातूरच्या शेतकऱ्याला लागू नव्हती, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले जायला हवे होते.

हा फरक कागदापुरता नाही. कलम ११ खालील परवानगीने मारलेले डुक्कर शासनाची मालमत्ता ठरते. त्याची खबर द्यावी लागते, पंचनामा होतो आणि मांस वाटून घेणे हा गुन्हा असतो. उपद्रवी घोषित प्राण्याबाबत हे बंधन नसते. शिवाय परवानगीचा कागद हाती आला तरी मारायचे कशाने, हा प्रश्न राहतोच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, परंतु ती बंदूक फार थोड्या घरांत आहे आणि निवडणूक आली की ती अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. अशा स्थितीत परवानगी असूनही अल्पभूधारक शेतकऱ्याला तिचा उपयोग जवळजवळ होत नाही.

वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने गोंधळात भर पडली. १ एप्रिल २०२३ पासून कायद्यातील सहा अनुसूचींच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांच्या, चार झाल्या आणि पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत असलेले रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले. क्रमांक वर गेला म्हणजे संरक्षण कडक झाले आणि आता मारताच येणार नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. प्रत्यक्षात अनुसूचींची संख्याच कमी झाल्याने हा बदल झाला असून कलम ११ आणि कलम ६२ या दोन्ही वाटा दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी खुल्या आहेत.

मोबाईलवर फिरणाऱ्या अमेरिकेतील चित्रफितींमुळे आणखी एक गैरसमज रूढ झाला आहे. टेक्साससारख्या राज्यांत हेलिकॉप्टरमधून टिपली जाणारी डुकरे ही युरोपीय वसाहतकारांनी नेलेल्या पाळीव डुकरांची रानटी झालेली प्रजा आहे आणि तिथल्या निसर्गाला ती परकी आहे. आपले रानडुक्कर या भूमीचे मूळचे रहिवासी आहे, वाघ-बिबट्याचे भक्ष्य आहे. गावातली मोकाट डुकरे हा तिसराच प्रकार आहे. ती पाळीव असून त्यांचा बंदोबस्त ही ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जबाबदारी आहे, वन विभागाची नाही.

परवानगी निरुपयोगी ठरली की लोक स्वतःचे उपाय शोधतात. बांधाभोवती जुन्या साड्या ताणून बांधलेले शेत आता सगळीकडे दिसते. न्हाव्याकडून केस आणून धुऱ्यावर टाकले जातात, आणि ज्याला परवडते तो झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेतून जीवघेणा नसलेला क्षणिक धक्का देणारे यंत्र, बसवतो. यांत काही चूक नाही. मात्र तारेत थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार भयंकर आहे. त्या तारेला चिकटून डुकराऐवजी शेजारचा शेतकरी, घरचाच मुलगा किंवा दावणीचा बैल गेल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. खाण्यात लपवलेल्या गावठी बॉम्बने जबडा फुटलेले जनावर कित्येक दिवस तडफडत फिरते. पीक गेल्याचे दुःख कितीही मोठे असले तरी या दोन्ही प्रकारांचे समर्थन होऊ शकत नाही.

शासनाच्या मदतीचा कल आजवर जंगलालगतच्या गावांकडे राहिला आहे. सौर कुंपणाच्या अनुदानातही अभयारण्याशेजारच्या आणि वनालगतच्या गावांना प्राधान्य मिळाले. गौताळा, येडशी किंवा पैनगंगा अभयारण्याजवळच्या शेतकऱ्याला हा निकष लागू पडतो. पाथरी, गेवराई किंवा कळंब तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यातील गावापासून जंगल कोसभरही जवळ नसते आणि कळप मात्र बांधालाच असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचा पर्याय खरीप २०२६ पासून जोडण्याचे जाहीर केले. कोणते प्राणी आणि कोणते बाधित जिल्हे वा विमा घटक त्यात धरायचे हे राज्यांनी ठरवायचे असून नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची आहे. ही यादी करताना जंगलापासूनचे अंतर मोजले जाते की उसाखालचे क्षेत्र, यावर गोदाकाठची गावे त्यात येतील की नाही हे अवलंबून आहे.