ओळखीचं हसू आणि विनोदाचं हसू: 'हॅपी गिलमोर 2' बघताना

जुन्या सिनेमाचा दुसरा भाग बघताना माणूस दोन कारणांनी हसतो. समोर खरंच काही गमतीचं घडतं म्हणून, किंवा पडद्यावर आलेला इसम ओळखीचा निघतो म्हणून. बाहेरून दोन्ही हसू सारखंच ऐकू येतं. 'हॅपी गिलमोर 2' वर जी उलटसुलट मतं आली, त्यातला निम्मा गोंधळ या सारखेपणाचा आहे.

पहिला भाग 1996 चा. हॉकीचं वेड, पण स्केटिंग धड येत नाही, असा तापट हॅपी (अ‍ॅडम सँडलर) आजीचं घर थकलेल्या करापायी जप्त होतं म्हणून गोल्फमध्ये घुसतो आणि धावत येऊन चेंडू तडकावतो. आज लोक त्याला क्लासिक म्हणतात. तेव्हा रॉजर ईबर्टसारख्या बड्या समीक्षकाने चारपैकी दीड तारा दिला होता. जीव जडला तो पुढे, टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघून.

दुसरा भाग 25 जुलै 2025 ला नेटफ्लिक्सवर आला. हॅपीनेच मारलेल्या गोल्फच्या फटक्याने बायकोचा जीव जातो, तो दारूला लागतो आणि लेकीच्या पॅरिसमधल्या बॅलेच्या शिक्षणासाठी परत मैदानात उतरतो. पुढे पाहुण्यांची रीघ: रोरी मॅकिलरॉय, स्कॉटी शेफलर, जॉन डॅली असे खरेखुरे गोल्फपटू. जुन्या पात्रांची मुलं येतात, मध्ये मध्ये पहिल्या भागाचे तुकडे येतात. समीक्षकांची तक्रार मुख्यतः इथेच होती: आठवण करून देणं म्हणजे विनोद करणं नव्हे. काहींना मात्र त्यातला ओलावा भावला. चाहतेही काही एका सुरात बोलले नाहीत.

गणपतीत आमच्याकडे वेंगुर्ल्याला चाकरमानी आले, तेव्हा रात्री भजन आटोपल्यावर हाच लावला. पहिल्या भागातलाच बेन स्टिलर मिशी घेऊन प्रकटला आणि चाळिशीतले आतेभाऊ खो खो हसायला लागले. त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. धाकटी पुतणी म्हणाली, "ह्यो कोण? तुमी हसतास कित्याक?" पहिला भाग न बघितलेलं एक माणूस घरात असलं, की कुठलं हसू कुठलं ते लगेच कळतं.

पण म्हणून ओळखीचं हसू खोटं ठरत नाही. दशावतारात संकासुर येतो तो दर जत्रेत तोच: काळा वेष, लोंबणारी लाल जीभ. पोरंसोरं तो दिसताच ओरडायला लागतात. पण नंतर तो मालवणीतून जे बोलतो ते त्या गावचं, त्या रात्रीचं असतं. लिहिलेली संहिता नसतेच. नुसता येऊन उभा राहिला असता तर पाचव्या मिनिटाला लोक खाज्याच्या दुकानाकडे वळले असते. या सिनेमातले बरेच पाहुणे नुसतेच येऊन उभे राहतात.

अपवाद शूटर मॅकगॅव्हिनचा. क्रिस्टोफर मॅकडोनाल्डने रंगवलेला हा जुना वैरी हॅपीशी हाणामारी करतो ती चक्क कबरस्तानात, आणि आजूबाजूच्या थडग्यांवर पहिल्या भागातल्या पात्रांची नावं. नावं ओळखणाऱ्याला एक हसू जास्तीचं मिळतं. न ओळखणाऱ्यालाही दोन उतारवयातले बाप्ये थडग्यांमधून एकमेकांना लोळवताना बघून हसू येतंच. पुतणी सगळ्यात जास्त हसली ती इथे.

आता आकड्यांचं. नेटफ्लिक्सने पहिल्या तीन दिवसांत 4 कोटी 67 लाख व्ह्यूज सांगितले आणि चाहत्यांनी तो आकडा समीक्षकांच्या तोंडावर मारला. पण तिथे व्ह्यू म्हणजे एकूण बघितलेले तास भागिले सिनेमाची लांबी. दोघांनी अर्धा अर्धा बघून सोडला तरी एक व्ह्यू, आमच्या माजघरात दहा जणांनी मिळून पुरा बघितला तरी एकच. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाच्या टक्क्यांचंही तसंच. अनुकूल परीक्षणं शेकड्याला किती, एवढंच ते सांगतात. शंभरातले गुण म्हणून ते वाचायचे नसतात. 'ठीक आहे, बघा एकदा' आणि 'अप्रतिम' हे दोन्ही तिथे सारखेच मोजले जातात.

ज्याला फक्त भेटीगाठी हव्या असतील त्याने खुशाल बघावा, त्याला भरपूर माणसं भेटतील. नव्याने बघणाऱ्याने आधी 1996 चा बघावा. तो दीड तासाचाच आहे आणि त्यात गोल्फचं ज्ञान लागत नाही.