पार्श्वभूमी : क्रॉस-कंट्री की ट्रेल? १२० मिलिमीटरचा गुंता

साताऱ्यात फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलीचे नाव काढले की चाळिशीच्या आसपासच्या माणसाला आधी ‘डबल शॉकअप’ आठवते. जाड लोखंडी नळ्यांची फ्रेम, सीटखाली रंगवलेली एक स्प्रिंग आणि पायडल मारले की मागून उड्या. त्या स्प्रिंगला आवर घालायला तेल नव्हते, हवा नव्हती. दाबली की उसळायची, एवढेच तिचे काम. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना निम्मी ताकद स्प्रिंग खायची. ‘मागचा शॉकअप चढाला मारक’ हे मत आपल्याकडे रुजले ते तिथून, आणि त्या सायकलीपुरते ते खरेच होते. आज माउंटन बाइकच्या दुकानात कोणी ‘क्रॉस-कंट्री घेऊ की ट्रेल?’, म्हणजे चढ-उतारांच्या शर्यतीची हलकी सायकल की उताराचे दणके झेलणारी जड, असे विचारतो तेव्हा त्या प्रश्नाखाली ही जुनी आठवण असते. म्हणून मागचा शॉकअप चढाला कसा सुधारला, ते आधी पाहायला हवे.

कॅलिफोर्नियात १९७६ पासून फेअरफॅक्सजवळच्या डोंगरउतारावर शर्यती लागत होत्या, त्या जुन्या जाड टायरच्या सायकलींवर. माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० साली कोलोरॅडोतल्या दुरँगोला झाली. पुढच्या चाकाचे धक्के झेलणारे हवा-तेलाचे फोर्क बाजारात आले तेही याच सुमारास. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीचा समावेश झाला. तोवर फोर्क सर्वमान्य झाला होता. मागचे सस्पेन्शन मात्र डाउनहिलवाल्यांचे, म्हणजे नुसत्या उताराच्या शर्यती करणाऱ्यांचे मानले जाई.

खरी कोंडी फुटली ती २००३ मध्ये. त्या वर्षी मागच्या चाकाजवळ जडत्वावर चालणारी झडप बसवलेली एक शर्यतीची सायकल आली. आत पितळी वजन. स्वार वरून पायडल दाबतो तेव्हा वजन जागचे हलत नाही, तेलाची वाट बंद राहते आणि शॉक घट्ट राहतो. खालून दगडाचा दणका बसला की नळी वर उचलली जाते, वजन मागे राहते, वाट उघडते. धक्का खालून आला की वरून, हे सायकलच ओळखू लागली. झडप उघडताना ‘टक’ असा आवाज यायचा, दुरुस्ती किचकट होती, आणि पुढच्या दोन दशकांत ती पद्धत मागेही पडली. पण मागचा शॉक चढाला बांधून ठेवता येतो, हे तिने सिद्ध केले. हँडलवरून लॉक करण्याची आजची सोय त्याच विचाराची सोपी आवृत्ती आहे.

दुसरी अडचण पेटंटची होती. मागच्या आसाच्या थोडे पुढे, चेनस्टेवर (पायडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या नळीवर) सांधा ठेवणारी चार दांड्यांची रचना ब्रेक दाबल्यावरही मोकळी राहते. तिचे अमेरिकी पेटंट एकाच कंपनीच्या हातात होते. त्यामुळे काही युरोपीय सायकली युरोपात या रचनेत विकल्या जात, पण अमेरिकेत नेता येत नसत. २०१३ मध्ये मुदत संपली आणि ती रचना सर्वांची झाली. त्याच सुमारास पायडलजवळच्या दोन-तीन दातेरी चकत्यांच्या जागी एकच चकती आली. बदल वरवर गिअरचा वाटतो, पण साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा पुढचा डिरेल्युअर गेल्याने मागची बाजू फ्रेमला जोडणाऱ्या सांध्याची जागा ठरवायला मोकळीक मिळाली. आधी सांधा कुठल्या चकतीच्या हिशेबाने ठेवायचा, हाच वाद असे. आता साखळीचा ताण एकाच उंचीवरून येतो, त्यामुळे तो शॉकला किती दाबेल किंवा किती ताठ ठेवेल हे नेमके ठरवता येते. चढाला मागची बाजू न हलणारी फुल सस्पेन्शन सायकल या हिशेबातून आली. लॉक हा त्यावरचा जोड आहे.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सुवर्ण २९ इंची फुल सस्पेन्शनला गेले आणि रौप्य साडेसत्तावीस इंची हार्डटेलला, म्हणजे मागे शॉक नसलेल्या सायकलीला. चाकांचा आणि शॉकचा असे दोन्ही वाद त्या एका निकालात समोरासमोर होते. अटलांटात विजेत्याला सव्वादोन तासांहून जास्त वेळ लागला होता, लंडनमध्ये दीड तास पुरला. शर्यत आखूड झाली, फेऱ्या छोट्या झाल्या आणि त्या फेऱ्यांत दगडांच्या बागा आणि उड्या घालण्यात आल्या. टोकियोच्या वेळचा मार्ग तर बऱ्याच डाउनहिलवाल्यांनाही थबकवणारा होता. आमच्या मते क्रॉस-कंट्री सायकल बदलली ती मार्ग आखणाऱ्यांच्या या निर्णयामुळे. कारखान्यांनी फक्त त्यामागे धाव घेतली.

आता खरा गुंता. ‘ट्रेल’ या एका शब्दाने किमान तीन गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली म्हणजे वाट. पेढ्याच्या भैरोबाकडे चढणारी पायवाट, बैलगाडीची चाकोरी, कालव्याकडेचा मातीचा रस्ता, सगळ्यांना हल्ली सरसकट ‘ट्रेल’ म्हणतात, आणि मग ‘मी ट्रेलवर चालवतो, म्हणजे मला ट्रेल बाइक हवी’ असा समज होतो. कालव्याच्या रस्त्याला ट्रेल बाइक लागत नाही. तिथे हार्डटेलही पुरून उरते.

दुसरी म्हणजे सायकलीचा वर्ग. साधारण १२० ते १५० मिलिमीटर ट्रॅव्हल (धक्क्याला चाक जितके वर सरकू शकते ते अंतर), जाड फोर्क, रुंद टायर, तेरा ते पंधरा किलो वजन. क्रॉस-कंट्रीचा जुना आकडा १०० होता आणि सीमारेषा स्पष्ट होती. मग शर्यतीच्या सायकलीही १२० वर आल्या. २०१८ च्या सुमारास सायकलींच्या एका परीक्षकाने या मधल्या वर्गासाठी गमतीने ‘डाउनकंट्री’ असा शब्द काढला आणि बघता बघता तो कॅटलॉगमध्ये छापला गेला. आज १२० लिहिलेल्या दोन सायकली शेजारी उभ्या केल्या तर एक साडेअकरा किलोची, मागच्या सांध्याऐवजी लवचिक कार्बन नळीची, हँडलवर लॉक असलेली असते. दुसरी चौदा किलोची, चार सांध्यांची, खाली जाणाऱ्या सीटपोस्टची. आकडा एकच, स्वभाव वेगळे.

तिसरी गोष्ट भूमितीतली. हँडलचा कललेला अक्ष वाढवून जमिनीला जिथे टेकेल, तिथपासून टायर टेकते तिथपर्यंतचे अंतर म्हणजेही ‘ट्रेल’, आणि तेही मिलिमीटरमध्येच मोजतात. २९ इंची चाक आणि ४४ मिलिमीटर ऑफसेट (चाकाचा आस त्या अक्षाच्या जितका पुढे असतो ते अंतर) धरला तर हेड अँगल, म्हणजे त्या अक्षाचा जमिनीशी कोन, ७० अंश असताना हे अंतर सुमारे ८८ येते, ६६ अंशाला सुमारे ११७. म्हणजे ‘ट्रेल ११७’ आणि ‘ट्रॅव्हल १२०’ एकाच तक्त्यात खाली-वर छापलेले असतात आणि पहिल्यांदा वाचणारा हमखास गोंधळतो. खरेतर उताराला हात स्थिर ठेवणारा आकडा हाच आहे, ट्रॅव्हल नव्हे. जुन्या शर्यतीच्या सायकली ७० ते ७१ अंशांच्या असत, आताच्या ६६ ते ६७ वर आल्यात. सायकल निवडताना १०० की १२० यावर तासभर वाद घालणाऱ्यांनी पाच मिनिटे तरी हेड अँगलकडे बघावे.

आपल्या जमिनीवर या आकड्यांचा अर्थ लागतो. सातारा शहर सुमारे ७०० मीटरवर, कासचा माथा सुमारे १२०० मीटरवर. मधला चढ लांब आणि सलग आहे. उतारावर मोठ्या उड्या फारशा नाहीत. आहे तो सुटा मुरूम, पायाखाली मण्यांसारखा घरंगळणारा, आणि मध्येच कातळाची पायरी किंवा जांभ्याचा खडबडीत पट्टा. मुरमावर ट्रॅव्हल वाढवून पकड वाढत नाही. ती वाढते रुंद टायरने आणि कमी हवेने, आणि हात स्थिर राहतो तो कमी अंशांच्या हेड अँगलने. म्हणून रविवारी पोवई नाक्यावरून निघून डोंगर चढून दुपारपर्यंत घरी येणाऱ्यासाठी १२० ची, ६६-६७ अंशांची, टायर २.३५ किंवा २.४ घातलेली क्रॉस-कंट्री सायकल आम्हाला योग्य वाटते. सॅग (नुसते बसल्यावर शॉक जितका दबतो तो) वीस-पंचवीस टक्के, म्हणजे २४ ते ३० मिलिमीटर. चढ गाडीने करून फक्त उतरणाऱ्यांची किंवा पायऱ्यांवरून मुद्दाम उड्या घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांनी ट्रेल घ्यावी आणि वजनाची तक्रार करू नये.

पावसाळा हा वेगळाच हिशेब. जूनपासून चार महिने लाल चिखल सांध्यांच्या बेअरिंगमध्ये शिरतो. चार सांध्यांच्या सायकलीला आठच्या आसपास बेअरिंग असतात. लवचिक नळीची रचना आपल्याकडे उजवी ठरते ती वजनाहून याच कारणाने. धुताना मशीनचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नये. ग्रीस निघून जाते आणि चिखल आत राहतो.

आणि कासच्या पठारावर, रस्ता सोडून, कुठलीच सायकल नेऊ नये. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेले. कातळावरची माती तिथे बोटभरही नसते. टायरची एक चाकोरी पडली की पुढच्या पावसाचे पाणी तीच वाट धरते आणि तिथला तेरडा पुन्हा उगवत नाही.

जुन्या सायकली पुण्या-मुंबईहून स्वस्तात येतात, त्याबद्दल एवढे बघावे. २०१६ मध्ये मागच्या शॉकची मापे बदलली, नवी ‘मेट्रिक’ मापे आली. त्याआधीच्या फ्रेमला २०० बाय ५७ सारखा जुना शॉक लागतो. नवा १९० बाय ४५ त्यात बसत नाही, आणि जुने माप दर वर्षी मिळेनासे होत आहे. चाके २६ इंची असतील तर चांगल्या टायरचीही तीच गत. सौदा करण्याआधी शॉकवर कोरलेले माप वाचून घ्यावे, आणि त्या मापाची सीलची जोडी मिळते का, ते दुकानात फोन करून विचारावे.