बर्फावरच्या चढाईचं शेल जॅकेट: माप हात वर करून घ्या

साताऱ्याहून स्पितीला किंवा लेहजवळच्या गांगल्सला गोठलेल्या धबधब्यांवर चढायला जाणाऱ्यांसाठी, तसंच उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगचा गिर्यारोहणाचा कोर्स करून आता स्वतःचं सामान जमवू लागलेल्यांसाठी हे पत्रक आहे. आपला ठोसेघरचा धबधबा काही गोठत नाही. त्यामुळे घरच्या डोंगरात जॅकेट वापरून बघू आणि मग ठरवू, अशी सोय आपल्याला नाही. जे तपासायचं ते दुकानातच तपासून घ्या.

शेल म्हणजे सगळ्यात वरचा थर. वारा, उडणारे बर्फाचे कण आणि वितळून गळणारं पाणी अडवणं एवढंच त्याचं काम. ऊब आतले कपडे देतात. हे लक्षात न घेता बरेचजण 'आत जाड जॅकेट मावायला हवं' म्हणून दोन मापं मोठं घेतात. चढाईसाठी वाढत्या अंगाचं जॅकेट घेऊ नका. ढगळ कापड पोटावर फुगतं आणि खाली बघितल्यावर क्रॅम्पॉनची (बुटांखाली बांधायच्या लोखंडी दातांची) टोकं दिसत नाहीत. हार्नेसला, म्हणजे कमरेच्या दोर अडकवायच्या पट्ट्याला, लावलेले आइस स्क्रूही (दोर अडकवण्यासाठी बर्फात फिरवून बसवायचे स्क्रू) त्याखाली झाकले जातात आणि जाड हातमोज्यांनी ते चाचपत बसावं लागतं. पिसांचं जाड जॅकेट बिले करताना, म्हणजे साथीदाराचा दोर सांभाळत एका जागी थांबल्यावर, शेलच्या वरून घालायचं असतं. शेलच्या आत फक्त अंगालगतचा पातळ थर आणि एक फ्लीस मावलं की पुरे. याउलट शेल फार घट्ट असेल तर फ्लीस दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब कमी होते.

अंदाज असा काढा. बनियनवर छातीचा घेर मोजा. जॅकेट चेन लावून सपाट पसरा, काखेखालची रुंदी मोजा आणि दुप्पट करा. दोन्हींत १५ ते २० सेंटीमीटरचा फरक असेल तर ते घालून बघण्यासारखं आहे. लेबलवरच्या 'एम' किंवा 'एल'वर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं.

घालून बघताना

आमच्या दुकानात येताना स्वतःचं फ्लीस, हार्नेस, हेल्मेट आणि हातमोजे घेऊन या. मे महिन्यातही हे सगळं अंगावर चढवाच. पंखा लावून देतो, पण ही पायरी गाळू नका. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं की जवळजवळ कुठलंही जॅकेट बरं दिसतं. बर्फावर मात्र हात बहुतेक वेळ डोक्याच्या वर असतात.

हार्नेसचा पट्टा जॅकेटवरून आवळा. दोन्ही हातांत बर्फात मारायच्या आइस अ‍ॅक्स आहेत असं समजून हात पूर्ण वर ताणा आणि दहा वेळा आळीपाळीने मारल्यासारखे हलवा. नंतर एक गुडघा कमरेपर्यंत उचला. आता जॅकेटची खालची कड बघा. ती पट्ट्यातून सुटून वर आली असेल, तर ते जॅकेट तुमचं नाही. कापड पट्ट्याच्या खाली साधारण एक वीत उरायला हवं. कड सुटण्याचं कारण बहुतेक वेळा लांबी नसते, काखेची शिवण असते. काखेत जादा तुकडा जोडलेला असला की बाही वर जाताना धड सोबत ओढलं जात नाही. म्हणून आखूड वाटलं तर लगेच मोठं माप मागू नका, आधी दुसऱ्या कटाचं बघा.

हात वर असतानाच मनगट तपासा. बाहीने मनगटाचं हाड झाकलेलं राहायला हवं. हात वर असले की बर्फावरचं पाणी हातमोज्यावरून कोपराकडे ओघळतं. लांब गळ्याचा हातमोजा असेल तर तो बाहीच्या वरून घाला, म्हणजे पाणी बाहेरून निथळतं. आखूड हातमोजा बाहीच्या आत जातो; तिथे बाहीचं व्हेल्क्रो हातमोज्यावर घट्ट बसतं का बघा.

मग हेल्मेटवर जॅकेटची टोपी ओढा, चेन हनुवटीपर्यंत लावा आणि वर बघा. मान वर करताना पाठीचं कापड ओढलं गेलं, तर टोपी लहान आहे. डावी-उजवीकडे वळल्यावर टोपी चेहऱ्यासोबत फिरली पाहिजे. एक डोळा झाकला जात असेल तर मागची नाडी आवळून पुन्हा बघा. खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर, छातीजवळ असावेत. खालचे खिसे पट्ट्याखाली दबतात आणि निरुपयोगी होतात. समोरची चेन खालूनही उघडणारी असेल तर हार्नेसच्या समोरचा बिलेचा लूप सहज हाती लागतो.

बाही लांब वाटली तर शिंप्याकडे नेऊ नका. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरतं, कारण कारखान्यात शिवणीवर आतून चिकटवलेली टेप नव्या शिवणीवर नसते.

पावसाळी ट्रेकवरून पारख करू नका

जुलैत सज्जनगडावर जाऊन आल्यावर 'आतून ओलं झालं, कापड गळतं' अशी तक्रार येते. बहुतेक वेळा तो घाम असतो. पाणी अडवणाऱ्या पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या दमटपणातल्या फरकामुळे. आपल्या पावसात बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, मग वाफ जाणार कुठे? स्पितीच्या कोरड्या थंडीत तेच कापड चांगलं काम करतं. तरीही काखेतल्या चेन असलेलं जॅकेट घ्या, चढताना त्या उघडता येतात. कापड तीन थरांचं असावं. अडीच थरांचं (आतल्या कापडाऐवजी नुसता पातळ लेप असलेलं) हलकं असतं, पण बर्फाच्या घासण्याला आणि सामानाच्या पट्ट्यांना ते लवकर हार मानतं.

धुणं आणि ठेवणं

घामाचं तेल आणि मळ साचला की पाणी थेंब होऊन ओघळत नाही, कापडात मुरतं. म्हणून धुणं टाळू नका. सगळ्या चेन लावा आणि ३० अंशांच्या कोमट पाण्यात अशा कापडांसाठीच्या द्रव साबणाने धुवा. कंफर्टसारखं मऊ करणारं द्रव्य अजिबात नको. पूर्ण वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून सगळ्यात कमी तापमानाची इस्त्री फिरवा. उष्णतेने पाणी झटकणारा लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब उभे राहिले नाहीत, तर लेपाचा स्प्रे मारावा लागेल.

पावसाळ्यात ते पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. दमटपणाने आतला लेप चिकट होऊन सुटू लागतो आणि तो पुन्हा बसवता येत नाही. कोरड्या कपाटात हँगरला मोकळं टांगा.