श्वासपटलात छिद्र, मग ऑपरेशन लगेच का नाही?

बाळाच्या श्वासपटलात जन्मतः छिद्र असेल तर त्याच दिवशी ऑपरेशन हवं, उशीर झाला की बाळ हातचं गेलं, ही समजूत जुनी आहे. १९८०च्या दशकापर्यंत डॉक्टरही तसंच करत.

छाती आणि पोट यांमधला हा पडदा गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तयार होतो. तो अपुरा राहिला, बहुधा डाव्या बाजूला, तर आतडी छातीत सरकतात आणि फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. आतडी खाली आणून छिद्र शिवलं तरी खुरटलेलं फुप्फुस लगेच मोठं होत नाही; त्यातल्या रक्तवाहिन्यांचा दाबही चढलेला असतो. खरा धोका हाच. म्हणून आधी श्वासनलिकेत नळी, पोटातली हवा काढायला दुसरी नळी, व्हेंटिलेटर. बाळ स्थिरावलं की ऑपरेशन. यात काही दिवस जाऊ शकतात. नातेवाइकांना हा हलगर्जीपणा वाटतो, पण उपचार पहिल्या मिनिटापासून चालू असतात.

आणि आईने घागर उचलली, ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं, असं तिला कृपा करून कुणी म्हणू नका. बहुतेकदा नेमकं कारण सापडतच नाही. सोनोग्राफीत दोष दिसला तर नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच बाळंतपण ठरवा.