नंबर शून्य, तरी रात्री दिवे का पसरतात?

लेझर करून चष्मा घालवलेला माणूस तपासणीत शेवटची ओळ घडाघडा वाचतो, आणि मुंबईहून रात्री परतताना कसारा घाटात समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणून कुरकुरतो. त्याची तक्रार खरी असते आणि तपासणीही चुकलेली नसते. हर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञांनी 1862 मध्ये काढलेला अक्षरांचा तक्ता वाचायचा तो उजेडात, पांढऱ्यावर ठसठशीत काळी अक्षरं. उजेडात बाहुली 3 मि.मी.च्या आसपास आकसते आणि प्रकाश पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, फक्त मधल्या भागातून आत जातो. अंधारात तरुण माणसाची बाहुली 6 ते 7 मि.मी. होते, कडेचा भागही कामाला लागतो. चष्मा घालवण्याचे जे जे उपाय निघाले, त्यांची खरी परीक्षा या कडेच्या पट्ट्यात झाली. बहुतेकांची फार उशिरा.

झुरिकमधले आडोल्फ फिक यांनी 1888 मध्ये काचेची मोठी कॉन्टॅक्ट लेन्स बनवली. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायची आणि जेमतेम दोन तास सहन व्हायची. फक्त पारपटलावर बसणारी कडक प्लास्टिकची लेन्स अमेरिकेत केव्हिन टुओही यांनी 1948 मध्ये आणली. दृष्टीच्या दर्जाच्या दृष्टीने ती उत्तम होती. कडक पृष्ठभागाखाली अश्रूंचा थर भरतो आणि पारपटलाच्या पुढच्या बाजूचा सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे वेगवेगळ्या दिशांतल्या असमान बाकामुळे येणारा नंबर, जवळपास नव्वद टक्के झाकला जातो. अडचण एकच, पण मोठी: त्या प्लास्टिकमधून ऑक्सिजन जवळजवळ जातच नव्हता. संध्याकाळपर्यंत पारपटल सुजायचं, बल्बभोवती रंगीत कडी दिसायची, आणि लेन्स काढून चष्मा लावला तरी काही तास धूसर दिसायचं.

प्रागमधल्या ओटो विख्टरले यांनी 1961 च्या नाताळात, मुलांच्या मेर्कुर खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून, घरीच फिरत्या साच्यात मऊ लेन्स ओतली. अमेरिकेत अशा लेन्सला 1971 मध्ये परवानगी मिळाली. डोळ्याला आराम मिळाला, पण स्पष्टपणा थोडा गेला, कारण मऊ लेन्स पारपटलाचा आकार घेते आणि सिलिंडर जसाच्या तसा वर उमटतो. त्यासाठी सिलिंडर भरून काढणारी टॉरिक लेन्स आली. तिचा हिशोब कडक आहे: लेन्स ठरलेल्या अक्षापासून 10 अंश फिरली की सिलिंडरचा सुमारे 35 टक्के भाग उरतो, 2.00 च्या सिलिंडरला 0.70. 30 अंश फिरली तर लावली काय, न लावली काय, सिलिंडर तेवढाच.

लेन्समध्ये धूसर दिसत असेल तर पापणी मिटून बघावं. मिटल्याबरोबर स्वच्छ दिसलं आणि काही सेकंदांत पुन्हा मळभ आलं, तर लेन्स कोरडी पडते आहे, तिच्यावर थर बसला आहे किंवा ती घट्ट आहे. उलट, मिटल्यावर क्षणभर बिघडून मग स्थिरावलं, तर ती सैल आहे किंवा फिरते आहे. पहिल्या प्रकारात नवा नंबर काढून काही साधत नाही. निफाड-दिंडोरी पट्ट्यातली थंडीची कोरडी हवा, बागेतली फवारणी आणि दुचाकीवरचा वारा, या तिन्हींत अश्रूंचा थर लवकर तुटतो. आणि प्रकाश वळवणारा डोळ्याचा पहिला पृष्ठभाग तोच असतो. (रामकुंडात बुडी मारायची असेल तर लेन्स आधी काढावी. नदीच्या आणि नळाच्याही पाण्यातला अकांथामीबा हा एकपेशीय जीव लेन्सखाली अडकला की पारपटलावर कायमचा डाग राहू शकतो.)

मोठ्या मायनस नंबरवाल्याला लेन्सचा एक फायदा लगेच जाणवतो. −8 चा चष्मा डोळ्यापासून 12 मि.मी. पुढे असतो, म्हणून चित्र सुमारे 9 टक्के लहान दिसतं. लेन्समध्ये ते मोठं होतं, आणि नंबरही −7.25 च्या आसपास पुरतो. चष्म्याच्या चिठ्ठीवरचा आकडा तसाच लेन्सला देणं ही नेहमीची चूक, ±4.00 च्या पुढे तो बदलून घ्यावाच लागतो.

शस्त्रक्रियेची सुरुवात सुरीने झाली. जपानचे त्सुतोमु सातो पारपटलाला आतल्या बाजूनेही छेद देत. आतल्या पेशींचा थर पारपटलातलं पाणी बाहेर काढून ते पारदर्शक ठेवतो, आणि त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. वर्षांनंतर अनेकांची पारपटलं सुजून पांढरी झाली. मॉस्कोत फ्योदोरोव यांनी 1970 च्या दशकात फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद रूढ केले. मधला 3-4 मि.मी.चा भाग मोकळा राहायचा. दिवसा झकास, रात्री बाहुली त्यापलीकडे उघडली की व्रणांवरून प्रकाश विखुरायचा आणि दिव्यांना किरणं फुटायची. कमजोर झालेल्या पारपटलामुळे सकाळ-संध्याकाळचा नंबरही वेगळा यायचा. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनी 43 टक्के डोळे 1.00 किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकलेले निघाले.

एक्सायमर या अतिनील लेझरच्या डोळ्यावरच्या वापराचं मूळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये 193 नॅनोमीटरच्या किरणांनी, मेजवानीत उरलेल्या टर्कीच्या मांसावर, आजूबाजूला न भाजता नेमका छेद घेतला. 1983 मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर तोच प्रयोग पारपटलावर झाला. अमेरिकेत थेट पृष्ठभागावरच्या लेझरला, म्हणजे पीआरकेला, 1995 मध्ये मान्यता मिळाली. पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर करायची लेसिक पद्धत ग्रीसचे पल्लिकारिस यांनी 1990 च्या सुमारास पुढे आणली.

लेझर किती खोल जातो, याचं मनर्लिन यांचं सूत्र सोपं आहे: उपचाराच्या वर्तुळाचा व्यास मि.मी.मध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, नंबराने गुणा, 3 ने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मि.मी.च्या हजाराव्या भागात. −6 नंबरासाठी 4 मि.मी.च्या वर्तुळाला 32 मायक्रॉन पुरतात, 6.5 मि.मी.ला सुमारे 85 लागतात. सुरुवातीला पारपटल वाचवायला वर्तुळ 4-5 मि.मी.च ठेवलं जाई. नंबर शून्य व्हायचा, पण रात्री 7 मि.मी.च्या बाहुलीतून उपचार झालेला आणि न झालेला असे दोन्ही भाग एकदमच बघायचे. वलयांचा उगम तिथे. शिवाय नैसर्गिक पारपटल कडेकडे चपटं होत जातं. मायनस नंबर काढताना मध्य चपटा होतो आणि कडेचे किरण मधल्या किरणांच्या आधीच एकवटतात. कडेला लेझर तिरका पडून कमी कापतो, त्याने भर पडते. डोळ्यातून येणाऱ्या प्रकाशाची वाकडी-तिकडी लाट मोजून त्याप्रमाणे लेझर चालवणारी यंत्रणा 2002 च्या सुमारास आली. तिने हा दोष कमी केला, संपवला नाही.

म्हणून शस्त्रक्रियेआधी ‘नंबर जाईल का?’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आधी अंधारातली बाहुली, पारपटलाची जाडी आणि वर्तुळाचा व्यास विचारावा. पारपटल 520 मायक्रॉन, पापुद्रा 110 आणि −6 साठी 85 धरले तर खाली 325 उरतात, चालतं. −9 ला 127 लागतात, उरतात 283. ढोबळ किमान मर्यादा 250 ची मानतात, बरेच सर्जन 300 च्या खाली उतरत नाहीत. मोजणीआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स किमान तीन-चार आठवडे बंद हवी, नाहीतर लेन्सने दाबलेल्या आकारावर लेझर बसतो. पापुद्रा कापताना मज्जातंतूही तुटतात. डोळ्यांचा कोरडेपणा सहा महिने ते वर्षभर राहू शकतो, आणि तेवढे दिवस स्क्रीनसमोर दृष्टी हेलकावे खाते.

मोतीबिंदूची गोष्ट याच मार्गाने गेली. लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी 1949 मध्ये डोळ्यात पहिली लेन्स बसवली, तेव्हा गणित चुकून मोठा मायनस नंबर आला. तरी मोतीबिंदू काढल्यावर लागणाऱ्या +10 च्या जाड भिंगाच्या चष्म्यापेक्षा हा रस्ता बरा ठरला, कारण त्या चष्म्यात जग पाव पटीहून मोठं दिसायचं आणि जिन्याची पायरी हुकायची. आता लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्स मिळतात. त्यांच्या वलयदार रचनेत साधारण 41 टक्के प्रकाश लांबच्या आणि तेवढाच जवळच्या केंद्राला जातो, उरलेला वाया. रात्री भाजीपाल्याची गाडी वाशीला नेणाऱ्याने ती निवडण्याआधी हे वाटप ऐकून घ्यावं. त्याला एकाच केंद्राची साधी लेन्स आणि वाचायला चष्मा जास्त सोयीचा पडतो.